सातवा खिळा

बाबांनी दारातच बूट काढले, उजवा पाय आत टाकला आणि तिथेच थांबले. मी समोर उभी होते, शाबासकीची वाट बघत. बारा दिवस राबून मी त्यांच्या घराची लाकडी जमीन नवी करून ठेवली होती. आता बाबा काही बोलतील, निदान भुवया तरी वर करतील, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मागे दादा त्यांची बॅग धरून उभा होता. बाबांनी पायाचा तळवा जमिनीवरून पुढेमागे फिरवला, अंगठ्याने काहीतरी चाचपलं, मग पुन्हा तळवा फिरवला.

"किती गुळगुळीत केलंस गं," ते म्हणाले.

शब्द कौतुकाचे होते, आवाज नव्हता. बाबांना घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून तो आवाज भीतीचा आहे हे मला कळलंच नाही. मी म्हटलं, "मग? शिकवलं कोणी?" आणि त्यांना वाट द्यायला बाजूला झाले. ते आत आले नाहीत.

पण आधी या बारा दिवसांचं सांगते, कारण सगळी अक्कल मी तिथेच पाजळली.

आमचा धंदा लाकडी जमिनींचा. फळ्या बसवायच्या, जुन्या झाल्या की घासून पुन्हा पॉलिश करायच्या आणि निघताना गिऱ्हाइकाला बजावायचं की बादलीभर पाणी ओतू नका, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या लावा, टाचेचे बूट दाराबाहेर ठेवा. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि आपली पाठ वळली की बादली काढतं. बाबांनी हे चाळीस वर्षं केलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. मिस्त्रींनी जमिनीवर हात फिरवून 'झालं' म्हटलं की मग कोणी वाद घालत नसे. दादाने या धंद्याला कोपरापासून हात जोडले. मी मात्र शाळा सुटली की बाबांच्या मागे मागे. जीभ धारदार म्हणून त्यांनी माझं नाव पटाशी ठेवलं.

त्यांनी मला जमीन वाचायला शिकवलं. पॉलिश कुठे उडालंय, चरे कुठल्या दिशेला गेलेत, फळी कुठे दबलीय, एवढ्यावरून घरात कोण कसं राहतं ते कळतं. एका बाईंनी मला छातीठोकपणे सांगितलं की यजमान कडक पथ्यावर आहेत. मी खाली बघितलं, तर आरामखुर्चीपासून फ्रिजपर्यंत पायवाट पडली होती. कोण डावरं, कोण एका पायावर भार देतं, कोण कुठल्या खिडकीशी तासन्‌तास उभं असतं, हे मी पाच मिनिटांत सांगायचे. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची आणि माझ्या डोक्यात हवा जायची.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी काम सोडलं. गुडघे कुरकुरतात म्हणाले. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे ते घरात एकटेच. मी दोन गल्ल्या सोडून राहते. रोज संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्याकडे थांबायचं, खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसायचं आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांची उणीदुणी काढायची, हा माझा नेम. बाबा समोर खुर्चीत बसून माझ्या डोळ्यांत बघत ऐकायचे आणि मधेच पायाचा अंगठा जमिनीवर घासायचे. मला वाटायचं, म्हातारपणी लागलेली खोड.

दादाच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला होता. दादा विमा कंपनीत आहे, त्याला प्रत्येक वस्तूत अपघात दिसतो. बाबा त्याच्याकडे गेले की काहीतरी फुटायचं. एकदा त्यांनी कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला आणि सोडून दिला. एकदा उघड्या दारावर आपटले.

"त्यांचं डोकं आता चालत नाही," दादा मला म्हणाला.

"काचेचं टेबल घ्यायची बुद्धी ज्याला झाली, त्याचं डोकं आधी तपास," मी म्हटलं.

मग एके दिवशी बाबांच्याच घरी, बाहेरच्या खोलीतून आतल्या बोळात शिरताना दादाला ठेच लागली. तिथे एका फळीची कड जराशी वर आली होती. ठेच त्याला लागली. बाबा तिथून दिवसातून वीसदा जायचे, त्यांना कधी लागली नव्हती. ही गोष्ट मला त्याच क्षणी खटकायला हवी होती.

"ही जमीन त्यांचा जीव घेईल," दादा अंगठा चोळत म्हणाला. "बारा दिवस मी त्यांना माझ्याकडे नेतो. तेवढ्यात नीट कर. परत आणल्यावर मला एक जरी धोका दिसला, तर या घराला कुलूप लावायचं आणि बाबा कायमचे माझ्याकडे."

बाबा मला दोनदा म्हणाले, "जमिनीला हात लावू नकोस. मला चालते आहे तशी." मला वाटलं, माझ्या कंबरेची काळजी करतायत. शिवाय हात लावला नाही तर दादा त्यांना घेऊन जाणार. बाबांना त्यांचं घर राहावं म्हणून मी पदर खोचला.

सामान हलवल्यावर मी नीट खाली बघितलं आणि जरा चरकले. माणूस खोलीच्या मधून चालतो, तसा मधे झिजलेला पट्टा पडतो. इथे पट्टा भिंतीला चिकटून होता, सगळ्या घरात. मी म्हटलं, गुडघे दुखतात, भिंतीचा आधार घेत असतील. न्हाणीघरासमोरची फळी पाय पडला की करकरायची. आणि मग ते खिळे दिसले. गोल डोक्याचे पितळी खिळे, सात. एक दारापासून चार पावलांवर, एक स्वयंपाकघराच्या तोंडाशी, एक शेगडीपुढे, असे कुठेकुठे मारलेले, आणि प्रत्येकाचं डोकं जमिनीच्या वर. सातवा तर त्यांच्या खुर्चीच्या पुढ्यात, जिथे ना सांधा ना कड. आमच्यात खिळ्याचं डोकं वर राहणं म्हणजे आचाऱ्याने करपलेलं वाढण्यासारखं आहे. लहानपणी माझा एक खिळा केसभर वर राहिला, तर बाबांनी अख्खी फळी काढायला लावली होती.

त्याच माणसाने हे असं करावं? म्हणजे दादा म्हणतो ते खरंच की काय? दादाला दिसायच्या आत मी सातही खिळे उपटले, भोकं भुसा आणि डिंक कालवून बुजवली आणि खिळे चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी लपवला.

मग कामाला लागले. वर आलेली फळी बसवली. करकरणाऱ्या फळीला दोन स्क्रू मारून तिचं तोंड बंद केलं. आधी जाडा, मग मध्यम, मग बारीक कागद लावून सगळं घर घासलं. भिंतीलगतचा पट्टा गेला, शेगडीपुढचा खळगा गेला, जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीने पाडलेले चरे गेले. पॉलिशचे तीन हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. खुर्च्यांना जाड नमदा लावला, आता त्या सरकल्या तरी आवाज येत नव्हता. शेवटी मी बोळात पालथी पडून प्रकाशाच्या दिशेने बघितलं. कुठेही काही नव्हतं. स्वतःची पाठ थोपटता आली असती तर थोपटली असती.

आणि आता बाबा दारात उभे होते.

"बाबा, चला की आत," दादा मागून म्हणाला.

ते निघाले. तीन पावलं नीट टाकली. चौथ्याला त्यांचा अंगठा काहीतरी शोधायला लागला, सापडलं नाही, म्हणून आणखी दोन पावलं पुढे गेले आणि टेबलाचा कोपरा त्यांच्या मांडीत घुसला. त्यांनी खुर्ची धरायला हात टाकला. खुर्ची बिनआवाज मागे सरकली आणि हात हवेत राहिला. मी धावले, पण त्यांनी मला झटकलं. भिंत गाठली, तिला धरून बोळात शिरले आणि एक दार उघडलं. ते न्हाणीघराचं दार नव्हतं. ते अडगळीचं कपाट होतं. बाबा झाडू आणि कोटांसमोर उभे राहिले आणि हात पुढे करून वॉशबेसिन शोधू लागले.

दादाच्या हातातली बॅग खाली पडली.

बाबा मागे फिरले आणि बोळाच्या मधोमध खाली बसले. दोन्ही तळवे जमिनीवर ठेवून ते ती चाचपू लागले, आधी जवळ, मग हात पुरेल तिथवर, जसे ते चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी तपासायचे तसे.

"पटाशी," ते म्हणाले, "माझे खिळे कुठे गेले?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. माझ्या चेहऱ्यापासून त्यांचा चेहरा वीतभर लांब होता आणि ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. मी त्यांच्या डोळ्यांपुढे हात हलवला.

"हात हलवतेस ना?" बाबा म्हणाले. "वारा लागतो."

मी बधिर झाले. दुसरा शब्द नाही त्याला. समोर माझा बाप बसला होता, रोज भेटणारा, आणि मला तो कोण आहे हेच माहीत नव्हतं. मी परक्या घरात जाऊन परक्या माणसाचं पथ्य मोडलेलं ओळखत होते. आपल्या बापाच्या जमिनीवर सगळं लिहिलेलं होतं, भिंतीलगत पट्टा, मधे खिळे, आणि मी ते वाचायचं सोडून घासून टाकलं.

"किती दिवस?" दादाने विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"पाच वर्षं झाली असतील. आधी कडेकडेने अंधार आला, मग मधूनही. आता उजेड आहे की नाही तेवढं समजतं. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही."

"पाच?" मी म्हटलं. "काम सोडून तर तीनच झाली."

"शेवटची दोन वर्षं हातानेच केलं सगळं." आणि त्या अवस्थेतही बाबांच्या ओठांवर जरासं हसू आलं. "एक तरी जमीन परत आली का?"

एकही आली नव्हती. उलट लोक म्हणायचे, मिस्त्री बघतसुद्धा नाहीत, नुसता हात फिरवतात. आम्ही ते अभिमानाने चारचौघांत सांगायचो.

दादाने बॅग उचलली. "बाबा, ही उघडायलाच नको. आपण परत जाऊ. तुम्ही आधी सांगितलं असतं तर..."

"तर पाच वर्षांपूर्वीच नेलं असतंस." बाबा खालीच बसून होते. "तुझी बायको गुणी आहे, तूही जीव लावतोस. पण तुझ्याकडे बारा दिवस मी सोफ्यावर बसून होतो. तहान लागली तरी कोणी येईपर्यंत थांबायचो. इथे मी स्वतःचा चहा करतो, स्वतःचे कपडे धुतो, दाराला कडी लावतो. तिथे मला कोणीतरी इथून उचलून तिथे ठेवायचं."

"पण इथेही आता तुम्हाला चालता येत नाहीये," दादा म्हणाला.

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. पण मला ते लागलं. बाबांचं घर वाचवायला गेलेली मीच त्यांना घराबाहेर काढून बसले होते.

बाबांनी माझ्या दिशेने हात केला. "हातोडी आणलीयस ना? की फक्त जीभच?"

मी हत्यारांची पेटी उघडली आणि तळातून डबा काढला. दादा मधे आला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे. "ठीक आहे," तो म्हणाला. "खिळे मारा. मग कोणाचाही हात न धरता चहा करून दाखवा. जमलं तर मी यापुढे तोंड उघडणार नाही. नाहीतर बॅग परत गाडीत."

बाबा दारापाशी जाऊन उभे राहिले. पाठ चौकटीला टेकवली आणि भिंतीला हात लावून मोजत निघाले. चौथ्या पावलाला थांबून त्यांनी टाच टेकवली. "इथे."

मी खिळा धरला आणि माझा हात उठेना. गिऱ्हाइकाने खुर्ची ओढली तरी माझं डोकं फिरतं आणि इथे मी तीन हात दिलेल्या, अजून वास न गेलेल्या पॉलिशमध्ये खिळा ठोकणार होते.

"वर ठेव डोकं," बाबा म्हणाले. "पायाला लागलं पाहिजे."

मी ठोकला. पॉलिशला बारीक तडा गेला. मग दुसरा स्वयंपाकघराच्या तोंडाशी, तिसरा शेगडीपुढे, चौथा औषधांच्या मांडणीखाली, पाचवा पलंगापाशी, सहावा मागच्या दाराजवळ. मग पटाशी घालून बोळातल्या फळीची कड होती तशी वर केली. स्क्रू काढले, तेव्हा न्हाणीघरासमोरची फळी पुन्हा करकरली आणि बाबा लहान मुलासारखे हसले. दादा एव्हाना बाह्या सरसावून जमिनीवर बसला होता आणि माझ्या खुर्च्यांचे नमदे नखांनी ओरबाडून काढत होता.

मग बाबा चहा करायला गेले. आम्ही दोघं बोळात उभे होतो आणि श्वाससुद्धा जपून घेत होतो. त्यांचा अंगठा वर आलेल्या कडेला लागला, ते डावीकडे वळले. दुसऱ्या खिळ्याला थांबून आत गेले, तिसऱ्या खिळ्यावर पाय रोवून उभे राहिले आणि तिथून पुढे त्यांचे हात सगळं जाणत होते. पातेलं, पाणी, साखर, काडेपेटी. गॅस लागल्याचा आवाज येताच दादाने माझा दंड धरला. थोड्या वेळाने बाबा तीन कप ताटलीत घेऊन बाहेर आले. वाटेत चार थेंब नव्या पॉलिशवर सांडले. मी सवयीने फडक्याकडे वळले आणि मग तशीच उभी राहिले. त्यांनी करंगळीने टेबलाची कड शोधली, तिच्या आत बोटभर अंतरावर कप ठेवला आणि म्हणाले, "साखर कमी पडली असेल तर सांगा. डबा रिकामा होत आलाय."

दादाने चहा उभ्यानेच पिऊन टाकला. मग बॅग घेऊन आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. "बाबा, सदरे कुठल्या कप्प्यात ठेवता? कुठल्या क्रमाने?" त्याने आतून विचारलं. बाबांनी सांगितलं, त्याने तसे लावले. जाताना त्याने दाराजवळचा पहिला खिळा बोटाने चाचपून बघितला आणि गेला.

मी हत्यारं आवरायला घेतली. डबा उचलला तर आत खुळखुळलं.

"अजून एक राहिला," मी म्हटलं. "हा तुमच्या खुर्चीपुढचा. याचं काय काम? तिथून तर कुठेच जायचं नसतं."

बाबा खुर्चीत बसले.

"तो जायच्या वाटेचा नव्हे," ते म्हणाले. "तो तुझा."

"माझा?"

"तू त्या स्टुलावर बसतेस. आवाजावरून माणूस कुठल्या बाजूला आहे ते कळतं, त्याचे डोळे कुठे आहेत ते नाही कळत. नजर जरा इकडेतिकडे गेली, कपाळावर, कानावर, की समोरच्याला लगेच चुकल्यासारखं वाटतं. आणि तू तर पटाशी. म्हणून मी खुर्चीपासून तुझ्या स्टुलापर्यंत दोरी धरली आणि त्या दोरीखाली खिळा मारला. अंगठा त्याच्यावर ठेवला की तोंड बरोबर तुझ्याकडे. स्टूल मीच केलेलं आहे, उंचीही ठाऊक आहे."

मी स्टुलावर बसले. रोज संध्याकाळी बाबा माझ्या डोळ्यांत बघत होते आणि त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी त्याच डोळ्यांना लोकांच्या घरातली गुपितं, कोण कुठे चालतं आणि कोण काय लपवतं, तिखटमीठ लावून सांगत होते. आणि ते पायाचा अंगठा खिळ्यावर ठेवून ऐकत होते.

"आता हा कशाला पाहिजे, बाबा?" मी म्हटलं. "मला तर कळलंय."

"तुला कळलं," बाबा म्हणाले, "म्हणून मी तुझ्याकडे बघायचं सोडून देऊ?"

त्यांचा चेहरा माझ्या डाव्या बाजूला, खिडकीच्या गजांकडे वळलेला होता. मी पेटीतून दोरी काढली. एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं माझ्या स्टुलाला बांधलं आणि मधे गुडघ्यांवर बसून हातोडी उचलली.